दिव्यामागची उष्णता

एलईडी दिवा पुढून थंड आणि मागून गरम असतो. त्याच्या उजेडात हात धरला तर ऊब जवळजवळ जाणवत नाही. पण तासभर लागलेला दिवा होल्डरमधून काढायला जावे, तर मानेपाशी चटका बसतो. जुन्या पिवळ्या बल्बचे उलटे होते. त्यातली टंगस्टनची तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापे आणि मिळालेल्या विजेचा बहुतांश भाग अवरक्त किरणांच्या रूपाने उजेडाबरोबरच खोलीत फेकून देई. आपली उष्णता तो आपणच उधळत असल्यामुळे त्याला गार ठेवण्याचा विचार कोणी केला नाही. एलईडीच्या उजेडात अवरक्त किरण नसल्यातच जमा. विजेचा तीस ते चाळीस टक्के भाग प्रकाश होऊन पुढे जातो आणि उरलेली सगळी वीज अर्धवाहकाच्या इवल्याशा कणातच उष्णता होऊन साचते. तिला बाहेर पडायला एकच दार असते, पाठीमागचे, आणि ते कोणी तरी मुद्दाम बांधून द्यावे लागते.

नऊ वॅटच्या घरगुती दिव्यात ही उष्णता जेमतेम सहा वॅट भरते. एवढ्याने चहाचा कपही लवकर गरम व्हायचा नाही. अडचण तिच्या प्रमाणात नसून दाटीत आहे. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ दीडशे चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला सहा-सात वॅट उष्णता येते. एक चौरस मिलिमीटरच्या एलईडी कणातून एक वॅट उष्णता निघत असेल, तर त्याच हिशेबाने ती दर चौरस सेंटिमीटरला शंभर वॅट होते. इस्त्रीहून पंधरापट दाट आच एवढ्याशा जागेत कोंडलेली असते, म्हणून मागचे दार अरुंद राहिले की कण बघता बघता शंभर अंशांपलीकडे जातो.

तापलेला एलईडी एकदम मरत नाही, झिजत जातो. आधी उजेड उतरतो. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश निर्माण होतो आणि त्यावरच्या पिवळ्या फॉस्फरच्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. उष्णतेने लेपाचा गुण कमी झाला की रंगाची छटा सरकते. पैठणीच्या मागावर किंवा कापडाच्या दुकानात, जिथे दोन जांभळ्यांतला फरक डोळ्यांनीच पारखायचा असतो, तिथे ही फसवणूक महागात पडते. सर्वांत आधी दगा देतो तो मात्र बहुधा एलईडी नसून त्याचा ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज दिव्याला मानवेल अशी करून देणारे मंडल. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी उतरले तर कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हा त्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

हा प्रश्न पांढऱ्या उजेडाबरोबर आला. १९६२ साली निक होलोन्याक यांनी दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी बनवला. पुढची तीस वर्षे एलईडी म्हणजे रेडिओ-टीव्हीवरचा इवलासा लाल किंवा हिरवा ठिपका होता. काही मिलिअँपिअरवर चालणाऱ्या त्या ठिपक्याला गार ठेवण्याची गरजच नव्हती. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी निळा एलईडी साध्य केला, त्यातून घर उजळणारा पांढरा दिवा निघाला आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. भारतात हा दिवा घरोघरी गेला तो ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेमुळे. या योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बला ३१० रुपये पडत होते. २०१६ पर्यंत हा भाव ३८ रुपयांवर आला.

भाव उतरला तसे बल्बचे वजनही उतरले. सुरुवातीच्या बल्बच्या मानेला ॲल्युमिनियमची जाड, पाती असलेली गळपट्टी असे. आजच्या स्वस्त बल्बला वरून प्लास्टिक असते आणि आत पातळ ॲल्युमिनियमची एक वाटी. धातू कमी झाला, तसे उष्णतेचे दारही लहान झाले. घरी केलेल्या शीतकरणाच्या साऱ्या युक्त्या म्हणजे कारखान्यात वाचवलेला हा धातू दिव्याला परत देणे, नाही तर तो लागूच नये इतकी उष्णता आधीच कमी करणे.

छत्रपती संभाजीनगरात हे काम आणखी कठीण होते, कारण इथली हवाच तापलेली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबला लागून असलेला थर त्याहूनही गरम असतो. दिवा नेमका तिथेच टांगलेला. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, म्हणून भोवतालचे तापमान हा हिशेबाचा पाया ठरतो. समजा, दहा वॅटच्या एलईडीतून सात वॅट उष्णता निघते. कणापासून त्याच्या पत्र्यापर्यंत दर वॅटला दोन अंश, पत्र्यापासून हीट सिंकपर्यंत, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्यापर्यंत, एक अंश आणि हीट सिंकपासून हवेपर्यंत पाच अंश चढ लागतो. एकूण आठ अंश. गुणिले सात म्हणजे छप्पन्न. डिसेंबरच्या संध्याकाळी खोलीत बावीस अंश असतील, तर कणाचे तापमान अठ्ठ्याहत्तर होईल. मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत तेच अठ्ठ्याण्णव. थंड देशाच्या हवेसाठी आखलेली जोडणी इथे वीस अंशांनी मागे पडते. या बेरजेतला प्रत्येक आकडा वाटेवरचा एक अडसर आहे, आणि प्रत्येक घरगुती उपाय यांपैकी कोणता तरी एक अडसर कमी करतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उष्णता मुळात कमी निर्माण होऊ देणे. एलईडीचा विद्युतप्रवाह तीस टक्क्यांनी उतरवला, तर उजेड साधारण पंचवीस टक्क्यांनी कमी होतो, उष्णता मात्र एक तृतीयांश घटते. कारण कमी प्रवाहावर एलईडी अधिक कार्यक्षम असतो. डोळ्याला तो पाव हिस्सा फारसा जाणवतही नाही. बारा व्होल्टच्या पट्टीत दर तीन एलईडींमागे एक रोधक असतो; तिला अकरा व्होल्ट दिले तरी प्रवाह पाव ते एक तृतीयांश घटतो. पट्टीला वीज पुरवणाऱ्या, जाळीदार पत्र्याच्या डब्यातल्या एसएमपीएसवर व्होल्टेज कमीजास्त करणारा छोटा स्क्रू बहुधा असतोच. एक दिवा पूर्ण ताकदीने जाळण्यापेक्षा दोन दिवे निम्म्या ताकदीने लावणे हे त्याच तत्त्वाचे दुसरे रूप. फिलिप्सने २०१६ मध्ये दुबईसाठी काढलेल्या खास दिव्यात हेच केले: जास्त एलईडी, प्रत्येकाला कमी प्रवाह. तीन वॅटमध्ये सहाशे ल्युमेन उजेड त्यातून मिळाला.

याच्या बरोबर उलटी चाल स्वस्त दुरुस्तीत दिसते. बल्बमधले एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक काळा पडला की सगळे विझतात. मेलेल्या एलईडीच्या जागी सोल्डरचा थेंब टाकून जोड दिला की बल्ब पुन्हा लागतो. पण पट्टीवरच ड्रायव्हर असलेल्या बल्बमध्ये त्या एलईडीच्या वाट्याचे व्होल्टेज आता ड्रायव्हरच्या चिपवर येते, ती अधिक तापते आणि दुरुस्त झालेला दिवा थोड्याच दिवसांत परत येतो. जोड देतानाच प्रवाह ठरवणाऱ्या दोन समांतर रोधकांपैकी एक काढला, तर उजेड कमी होतो, पण बल्ब टिकतो.

दुसरा उपाय धातूचा. ॲल्युमिनियम आणि तांबे उष्णता चांगली वाहतात. स्टेनलेस स्टीलची चकचकीत थाळी मात्र फसवी. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता सुमारे दोनशे, तांब्याची चारशेच्या आसपास, तर स्टेनलेस स्टीलची पंधरा. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर बसवलेल्या एलईडीची उष्णता त्याच्याच बुडाशी अडकून राहते. शहरात ॲल्युमिनियमला तोटा नाही. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात सेक्शनचे हात-दोन हात लांबीचे तुकडे किलोवर मिळतात. एलईडी पट्टी प्लायवूडवर किंवा देवघराच्या लाकडावर चिकटवण्याऐवजी अशा सेक्शनवर चिकटवली की तिचे आयुष्य लांबते. किती धातू हवा याचाही हिशेब सोपा आहे. मोकळ्या हवेत तापमान तीस अंशांहून चढू द्यायचे नसेल, तर दर वॅट उष्णतेला हवेला लागणारा पृष्ठभाग तीस-पस्तीस चौरस सेंटिमीटर हवा. सात वॅटसाठी दोन्ही बाजूंनी मोकळी, बारा सेंटिमीटर लांब व दहा सेंटिमीटर रुंद पट्टी पुरते. जागा कोंदट असेल तर दुप्पट. पट्टी दोन-तीन मिलिमीटर जाडीची असावी. थंड पेयाचा डबा ॲल्युमिनियमचाच असतो, पण त्याची भिंत जेमतेम एक दशांश मिलिमीटर. उष्णता तिच्यातून आडवी पसरत नाही आणि कडेचा सारा पत्रा बिनकामाचा राहतो.

जुन्या संगणकातला प्रोसेसरवरचा हीट सिंक हा भंगारातला सर्वांत सोयीचा माल. त्याची पाती मात्र दाट असतात, कारण ती पंख्याच्या वाऱ्यासाठी घडवलेली. पंखा काढून घेतला की त्याची क्षमता बरीच घटते. पंख्याविना वापरायचे तर विरळ पाती हवीत, दोन पात्यांत सहा ते दहा मिलिमीटर अंतर असलेली. अशी पाती या शहराच्या ओळखीची आहेत. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्यामागे सुट्या भागांचे शेकडो लहान-मोठे उद्योग उभे राहिले. हवेने गार होणाऱ्या मोटरसायकलच्या सिलिंडर हेडवर जी ओतीव पाती दिसतात, ती उष्णता हवेत सोडण्याचे हेच काम करतात. गॅरेजमधून निकामी हेड भंगाराच्या भावात मिळाले, तर त्यावर वीस-तीस वॅटचा एलईडी सहज गार राहतो. त्याच्या सपाट बाजूला मधोमध पोकळी असते, म्हणून तिथे आधी तीन-चार मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळून मग एलईडी बसवावा लागतो.

धातू कितीही चांगला असला, तरी जोड नीट नसेल तर सारे फुकट. दोन पत्रे एकमेकांवर ठेवले की ते प्रत्यक्षात थोड्याच ठिकाणी टेकतात. मधल्या फटींत हवा असते आणि हवेसारखा उष्णतारोधक स्वस्तात दुसरा नाही. एक चौरस सेंटिमीटरच्या जोडात एक दशांश मिलिमीटरची हवेची फट सलग राहिली, तर तिच्यातून एक वॅट पलीकडे जायला जवळजवळ चाळीस अंशांचा चढ लागतो. तीच फट साध्या थर्मल पेस्टने भरली की काम एका अंशात होते. हाताने करायचे काम एवढेच: काचेवर पॉलिश पेपर ठेवून धातूची बाजू घासून सपाट करणे, रॉकेल किंवा स्पिरिटने पुसणे, पेस्टचा अगदी पातळ थर देणे आणि स्क्रूने सारख्या दाबाने आवळणे. पेस्ट फट भरण्यासाठी असते. तिचा जाड थर स्वतःच अडसर होतो. पेस्ट नसेल तेव्हा टूथपेस्ट लावणारेही आहेत. ती पहिले काही दिवस काम करते, मग पाणी सुकून तिचा भुगा होतो. झिंक ऑक्साइडची भुकटी सिलिकॉन ग्रीसमध्ये घोटून केलेला लेप टिकाऊ ठरतो. बाजारातल्या साध्या पांढऱ्या पेस्टमध्येही मुख्यतः हेच दोन पदार्थ असतात.

हीट सिंकचा रंगही कामाला येतो, पण नेहमीच्या समजुतीप्रमाणे नव्हे. घासून चकाकवलेले ॲल्युमिनियम अवरक्त किरण फारच कमी बाहेर टाकते. त्यावर रंगाचा पातळ हात दिला की ते कितीतरी पट अधिक उष्णता किरणांवाटे सोडते, आणि अवरक्ताच्या दृष्टीने पांढरा व काळा ऑइलपेंट जवळपास सारखाच. उन्हात लावायच्या दिव्याला म्हणूनच पांढरा रंग बरा: तो ऊन कमी शोषतो आणि आतली उष्णता तितकीच सोडतो. एलईडी टेकतो ती जागा मात्र कोरी ठेवावी लागते.

उरलेले काम हवेचे. गरम हवा वर जाते, म्हणून पाती उभी असावीत, आडवी नव्हेत. खोक्याला खाली आणि वर दोन्हीकडे भोके असावीत, एकाच बाजूला नव्हेत. फ्लॅटमधले पीओपीचे छत या नियमाच्या बरोबर विरुद्ध जाते. त्यात गाडलेल्या दिव्याची पाठ बंद पोकळीत असते, पोकळीवर तापलेला स्लॅब आणि दिव्यामागे गुंडाळून ठेवलेल्या वायरींचा गुंता. अशा ठिकाणी हीट सिंक वाढवण्याआधी ड्रायव्हर दिव्यापासून हातभर दूर सरकवणे आणि दिवा कमी वॅटचा लावणे हेच शहाणपण. बंद काचेच्या गोळ्यात नऊ वॅटऐवजी पाच वॅटचा बल्ब लावणे हाही शीतकरणाचाच उपाय आहे, फक्त त्याला खर्च येत नाही. इथल्या धुळीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. पात्यांत धूळ आणि किडे साचले की हवेची वाट बंद होते. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सफाईत जुन्या ब्रशचा एक हात पुरतो.

वीस-तीस वॅटच्या पुढे, म्हणजे गणेशोत्सवाच्या देखाव्यातला मोठा झोत किंवा छायाचित्रणाचा दिवा असेल, तर पंखा लागतो. जुन्या संगणकाचा बारा व्होल्टचा पंखा सहा-सात व्होल्टवर चालवला की आवाज जवळजवळ बंद होतो, आणि मंद वाराही स्थिर हवेहून कितीतरी सरस असतो. पंख्याची भीती एकच: तो बंद पडला की कळत नाही. इस्त्री-गिझरमध्ये असतो तसा, सत्तर अंशांना तुटणारा छोटा थर्मल स्विच एलईडीच्या मार्गात जोडला की पंखा थांबल्यावर दिवा आपोआप विझतो.

पाण्याने गार करण्याची कल्पना या शहरात नवी नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये हे शहर खडकी या नावाने वसवले, त्याच्या काळापासून इथे नहरी आहेत. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीचा मोठा हौद हेच खालच्या दालनाचे छत आहे. वरच्या पाण्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही गार राहते. पाणी दोन प्रकारे उष्णता घेते. एक म्हणजे साठवून: दहा वॅटची उष्णता एक लिटर पाण्यात सोडली तर ते तासाभरात साडेआठ अंशांनी तापते, म्हणजे थोड्या वेळासाठी लावायच्या दिव्याला पाण्याने भरलेला ॲल्युमिनियमचा टोपसुद्धा हीट सिंक होतो. दुसरे म्हणजे वाफ होऊन. तीच दहा वॅट उष्णता वाहून न्यायला ताशी फक्त पंधरा ग्रॅम पाणी उडावे लागते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ आणि कूलर ज्या कारणाने काम करतात, त्याच कारणाने हीट सिंकच्या टोकाला गुंडाळलेली, वाटीतल्या पाण्यात सोडलेली ओली सुती चिंधी त्याला हवेहूनही गार करू शकते. पावसाळ्यात, हवा दमट झाली की हा उपाय निम्मा होतो. आणि तो फक्त बारा-चोवीस व्होल्टच्या, मुख्य विजेपासून वेगळ्या केलेल्या जोडणीतच करावा. स्वस्त बल्बमधील पट्टीचा थेट २३० व्होल्टशी संबंध असतो. तिच्याजवळ पाणी नेणे किंवा वीज चालू असताना तिच्या धातूला हात लावणे जिवावर बेतू शकते. बल्ब बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज शिल्लक राहते.

केलेला उपाय लागू पडला की नाही, हे अंदाजावर सोडू नये. कमी व्होल्टच्या जोडणीत हीट सिंकवर बोट ठेवून पाहण्याची पद्धत ढोबळ असली तरी खरी: पाच सेकंद बोट ठेवता येत नसेल, तर तिथे पंचावन्न-साठ अंश आहेत. तापमान मोजणारा साधा मल्टिमीटर याहून पक्के सांगतो. त्याच्या तारेचे टोक एलईडीच्या अगदी शेजारी धातूवर टेकवावे, दिवा निदान तासभर चालू ठेवावा आणि आकडा स्थिर झाला की लिहून घ्यावा. एलईडीच्या शेजारी एक आकडा आणि हीट सिंकच्या टोकाला दुसरा, असे दोन घेतले तर दोष कुठे आहे तेही कळते. एलईडीपाशी ऐंशी आणि टोकाला पंचेचाळीस असतील, तर खोट जोडात किंवा पातळ पत्र्यात आहे; दोन्हीकडे सत्तर असतील, तर जोड चांगला आहे, पृष्ठभाग किंवा हवा कमी पडते आहे. मोजमाप हिवाळ्यात केले असेल, तर आकड्यात वीस अंश मिळवून मेचा विचार करावा.

उपायांचा क्रमही यातूनच ठरतो. आधी प्रवाह कमी करावा, त्याला पैसे लागत नाहीत. मग दिव्याची जागा मोकळी करावी आणि ड्रायव्हर दूर न्यावा. त्यानंतर जोड घासून पेस्ट लावावी, मग धातू वाढवावा, आणि एवढ्याने भागले नाही तरच पंखा किंवा पाणी. पहिल्या तीन पायऱ्यांचा खर्च फार तर पेस्टच्या एका ट्यूबइतका असतो, आणि घरातल्या बहुतेक दिव्यांचे काम तेवढ्यातच भागते.